वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे

चित्रकार हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या मनश्चक्षूंपुढे बहुधा एखादी मोठ्या शहरातील कलाशाळा उभी राहते. लाकडी घोडीवर ताणलेले कापड, तैलरंगांच्या नळ्या, तऱ्हेतऱ्हेचे कुंचले, आणि समोर स्तब्ध बसलेला कोणी श्रीमान गृहस्थ. परंतु आपल्याच गावी नागपंचमीस घरातील वडीलधारी स्त्री ओल्या भिंतीवर नाग काढते, दारापुढे रोज सकाळी रांगोळी उमटते, वेळ अमावस्येस शेतातील कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगविलेले पाच पांडव मांडले जातात. हे सर्व करणाऱ्या हातांस चित्रकाराचे हात म्हणण्याचे आपल्या ध्यानी येत नाही. ते काम सणाचे, आणि सण सरला की पुसून जावयाचे, अशी आपली समजूत असते. अशाच एका पुसून जाणाऱ्या चित्रकलेत जन्मास आलेल्या, अक्षरशत्रू व कित्येक वर्षे अबोल राहिलेल्या एका शेतमजुराची चित्रे पुढे पॅरिसच्या प्रदर्शनात भिंतींवर लागली. त्या पुरुषाचे नाव जिव्या सोमा म्हसे.

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेस गुजराथच्या वाटेने निघाले असता डहाणू हे स्थानक लागते. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जो डोंगराळ, झाडीचा मुलूख पसरला आहे तो वारली लोकांचा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडतात. आपल्या मराठवाड्याच्या उघड्या माळरानाहून हा प्रदेश अगदी निराळा. तेथे पाऊस मुबलक, पीक भाताचे व नागलीचे, आणि घरे कारवीच्या काठ्यांच्या कुडाची. कुडास आतून बाहेरून शेणमातीचा गिलावा करावयाचा, वरून गेरूचा हात फिरवावयाचा, की तांबूस तपकिरी रंगाची सपाट भिंत तयार होते. या भिंतीचे वर्णन मुद्दाम केले, कारण ज्या कलेविषयी आपणांस बोलावयाचे आहे तिची पाटी हीच.

जिव्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. सात वर्षांचे वय असताना मातृवियोग झाला, आणि त्या धक्क्याने या बालकाची वाचाच जणू बसली. पुढे कित्येक वर्षे ते कोणाशी बोलत नसत. काही सांगावयाचे झाले तर खाली बसून धुळीत बोटाने आकृती काढीत, आणि पाहणाऱ्याने त्यावरून समजून घ्यावे, असा प्रकार होता. शाळेचे तर नावच नको. पुढे ते डहाणू तालुक्यातील गंजाड गावाच्या कळंबीपाड्यावर राहावयास आले व मजुरी करून पोट भरू लागले. त्या काळी या टापूतील वारली जमीनदार व सावकार यांच्या दडपणाखाली इतके पिचले होते की, वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने त्यांनी मोठा उठाव केला. त्या समयी जिव्या सुमारे अकरा वर्षांचे होते. सारांश, कलेची चैन करण्यास जो फुरसतीचा वेळ लागतो असे आपण मानतो, तो या मुलाच्या वाट्यास बिलकुल आलेला नव्हता.

आता ती कला कोणती ते पाहू. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे घरातील आतल्या भिंतीवर चौक काढावा लागतो. चौकावाचून लग्न लागत नाही. हा चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा. त्या तांदूळ वाटून त्याचे पातळ पीठ करितात, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला बनवितात, आणि गेरूने तांबड्या केलेल्या भिंतीवर पांढऱ्या रेषांनी एक चौकोन आखतात. त्याच्या चारी बाजूंस नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढत जातात. मधोमध पालघाट देवीची आकृती येते. ही सुफलतेची देवता होय. तिची व पालघर या गावाची नावातील साम्यामुळे गल्लत करू नये. चौकोनाच्या बाहेर झाडे, पशुपक्षी, माणसे, नाचणारी मंडळी, सूर्य, चंद्र, जे काही वारल्याच्या जगात आहे ते सर्व. धवलेरी नावाची स्त्री लग्नाचे विधी गाण्यांतून चालविते. लग्न उरकले, चौकाचे प्रयोजन संपले. पुढे चुलीच्या धुराने तो काळवंडतो, पावसाळ्याच्या दमटपणाने पोपडे सुटतात, आणि पुढल्या सारवणात उरलेसुरले नाहीसे होते. त्याखाली कोणाचे नाव लिहिलेले नसते. लिहावे कशास? ते काम कोणा एकीचे नव्हेच.

चित्राची भाषा विलक्षण सोपी आहे. कंपासपेटी जवळ असलेल्या विद्यार्थ्याने ही ओळ वाचता वाचता कागदावर करून पाहावी. एक त्रिकोण टोक खाली करून काढा; त्याच्या टोकास दुसऱ्या त्रिकोणाचे टोक लावा. हे झाले माणसाचे धड. वर लहानसे वर्तुळ म्हणजे डोके, चार काड्या म्हणजे हात व पाय. स्त्री असेल तर डोक्यामागे अंबाड्याचा एक ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही. मग हा माणूस पाणी भरतो आहे, की नाचतो आहे, की दमून परत येतो आहे, हे कळावयाचे कसे? ते सर्व त्या दोन त्रिकोणांच्या सांध्यावर अवलंबून. वरचा त्रिकोण किंचित पुढे कलला की माणूस ओझ्याखाली वाकतो; मागे कलला की ढोल बडवितो; पाय दुमडले व हात शेजाऱ्याच्या कमरेशी गेले की तो तारप्याच्या नाचात सामील होतो. तारपा म्हणजे वाळलेल्या दुधी भोपळ्याचे व बांबूचे वाद्य. वाजविणारा मध्ये आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग गोगलगाईच्या शिंपल्यासारखी वळत गेलेली, हे चित्र आपणांपैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असेल. हे सोपेपण फसवे आहे. दोन त्रिकोण कोणासही जुळविता येतात. ते चालते करणे फार थोड्यांस साधते.

जिव्यांस ते साधले. धुळीत आकृत्या काढून बोलणाऱ्या मुलाने लग्नघरी सवाशिणींचे हात चालताना पाहिले, आणि आपण ज्या भाषेच्या शोधात होतो ती येथे तयार आहे, असे त्यास वाटले असल्यास नवल नाही. परंतु ते काम स्त्रियांचे आणि तेही लग्नापुरते. पुरुषाने चित्र काढावे, आणि लग्नकार्य काही नसताना दररोज काढावे, ही गोष्ट पाड्यावर कोणी कधी पाहिली नव्हती. जिव्या ती करू लागले. या एका वाक्यात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाची गोष्ट आली आहे, असे मला वाटते. पुढे मिळालेले मानसन्मान त्या मानाने लहान होत.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या मुलुखात भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे एक चित्रकार येऊन राहिले. हे गृहस्थ मुलखावेगळे. बिहारात १९६६-६७ साली भयंकर दुष्काळ पडला असता, हस्तकला मंडळाच्या धुरीण पुपुल जयकर यांनी त्यांस मिथिलेत पाठविले होते. तेथील स्त्रिया आपल्या घरांच्या भिंतींवर जी चित्रे काढीत ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे विकून चार पैसे हाती येतील व चूल पेटेल, असा त्यामागे हेतू होता. तो पुष्कळ अंशी सफल झाला. तोच कागद घेऊन कुलकर्णी डहाणूच्या रानात आले. सवाशिणींनी कागदावर चित्रे काढावीत म्हणून त्यांनी प्रयत्न केला, परंतु त्या संकोचल्या. लग्न नाही, देवी नाही, भिंत नाही, आणि चित्र काढावयाचे ते परक्या माणसासाठी! त्यांचा संकोच समजण्यासारखा होता. पुढे आले ते जिव्या. मिथिलेत जो कागद स्त्रियांनी उचलला तोच डहाणूस एका पुरुषाने उचलला, आणि त्यापुढील वारली चित्रकलेचा इतिहास त्यामुळे निराळा झाला. आज नावाजलेल्या वारली चित्रकारांत पुरुषच अधिक दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

असाच एक प्रसंग पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस त्यापूर्वी तीस वर्षे घडला होता. अमेरिका खंडाच्या मध्यभागी कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी फ्रेंचांशी लढून १८०४ साली तो स्वतंत्र केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेविट पीटर्स नावाचा एक अमेरिकन चित्रकार तेथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला, आणि १९४४ साली त्याने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे एक कलाकेंद्र उघडले. त्यापूर्वी प्रवासात असता रस्त्याकाठच्या एका मद्यगृहाच्या दारावर रंगविलेली फुले व पक्षी त्याच्या दृष्टीस पडले होते. ते दार रंगविणारा एक्तोर इपोलित हा घरांना रंग देणारा गरीब कारागीर होता, आणि आपल्या लोकांच्या व्होडू पंथाचा पुजारीही होता. कुंचला नसेल तर कोंबडीच्या पिसाने तो काम भागवी. पीटर्सने त्यास शोधून काढून केंद्रात आणले. १९४५ च्या डिसेंबरात फ्रान्सचे कवी आंद्रे ब्रेतों यांनी त्याची चित्रे विकत घेतली. आणि १९४८ साली, कीर्ती पसरू लागली तोच, हृदयविकाराने त्याचा अंत झाला. इपोलित व जिव्या यांनी परस्परांचे नावही ऐकले नसेल. तथापि एक शिक्षित चित्रकार, एक अशिक्षित चित्रकार, आणि त्या दोघांमध्ये ठेवलेला कागद, हा देखावा दोन्हीकडे सारखाच आहे. फरक एवढाच की, इपोलितास तीन वर्षे मिळाली, जिव्यांस चाळीसांहून अधिक.

हा कागद फार काळजीपूर्वक पुढे करावा लागतो, हे मात्र सांगितले पाहिजे. हाती शिकविण्याचा अधिकार आहे म्हणून कुलकर्णी यांनी जर जिव्यांस छायाप्रकाश, यथार्थदर्शन व शरीरशास्त्र शिकवावयास आरंभ केला असता, तर आपणांस आणखी एक बेताचा चित्रकार लाभला असता आणि हा एक गमावला असता. त्यांनी साहित्य दिले, वाट मोकळी करून दिली, आणि हात आवरला. आम्हा शिक्षकांस यातले शेवटचे काम सर्वांत जड जाते.

१९७५ साली मुंबईस जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत असलेल्या केमोल्ड या चित्रदालनात जिव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस येथील पोम्पिदू केंद्राने जगातील सर्व खंडांतील सुमारे शंभर कलावंतांस एकत्र आणणारे एक मोठे प्रदर्शन मांडले, त्यात निम्मे युरोप-अमेरिकेतील प्रतिष्ठित कलावंत होते व निम्मे उर्वरित जगातील. त्यात जिव्यांची चित्रे होती. आणि थडग्यांवरचे लोखंडी क्रूस घडविता घडविता शिल्पकार झालेले हैतीचे लोहार जॉर्ज लिओतो यांचे कामही होते. इपोलितास ज्या कलाकेंद्राने आश्रय दिला त्यानेच लिओतो यांस पुढे आणले. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर जिव्यांच्या कामाचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग हे दूरवर पायी चालून वाटेत दगड मांडून आकृती करितात. पायवाट हाच ज्यांच्या कलेचा विषय त्यांस कळंबीपाड्याच्या चित्रकाराशी आपले नाते जुळते असे वाटावे, यात विसंगत काही नाही. २००९ साली नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली आपल्या सरकारची पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही झाली सनावळी. परंतु ती पाठ करून जिव्या कळावयाचे नाहीत. त्याकरिता त्यांचे एखादे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. मासेमारीचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. त्यांनी तो पुनःपुन्हा रंगविला. शेणाने वा गेरूने सारवलेल्या कापडावर एक प्रचंड जाळे पसरलेले असते. ते इतके मोठे की, प्रथमदर्शनी चित्रात जाळ्यावाचून दुसरे काही नाहीच असे वाटते. जवळ जावे तो प्रत्येक फासा स्वतंत्र काढलेला. केसाएवढ्या रेषा, त्यांच्यामध्ये ठिपके, हजारोंनी. एकही रेषा पट्टीने आखलेली नाही, म्हणून सारे जाळे पाण्यात असल्यासारखे हलते. आणि मग जाळ्याच्या कडेस कोठेतरी, नखाएवढा, तो कोळी दिसतो. ज्याने एवढे जाळे फेकले तो माणूस इतका लहान! तिकाटण्यापुढे बसून शिकलेल्या चित्रकाराने माणूस मोठा व जाळे लहान काढले असते, कारण चित्राचा नायक माणूस असतो हे त्यास शिकविलेले असते. जिव्यांस ते कोणी शिकविले नव्हते. त्यांच्या चित्रांत मुंग्यांच्या रांगा व माणसांच्या रांगा एकाच मोलाने काढलेल्या आढळतात. मनुष्य, पाखरू, मुंगी, वारा, सर्व काही रात्रंदिवस हलत असते, जीवन म्हणजेच हालचाल, असे ते सांगत. लहानपणी ज्याची जीभ थांबली होती त्याने हे म्हणावे.

येथपर्यंत लाभाची बाजू झाली. तोट्याची बाजू सांगितली नाही तर लेख अपुरा राहील. भिंतीवरील चौक जेव्हा कागदावर आला तेव्हा काही गोष्टी भिंतीवरच राहिल्या. धवलेरीचे गाणे कागदावर येत नाही. अनेक सवाशिणींनी एकत्र बसून, बोलत हसत, एकीची रेघ दुसरीने पुढे नेत जे काढावयाचे, ते एका माणसाने एकट्याने काढले म्हणजे ते निराळेच काही होते. त्याखाली नाव येते, आणि नावाबरोबर किंमत येते. जिव्यांचे नाव जगास ठाऊक झाले, हे योग्यच झाले. ज्या स्त्रियांचे हात पाहून ते शिकले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, आणि आता ती मिळावयाचीही नाहीत. यात जिव्यांचा दोष नाही. परंतु वारली चित्रकलेचा जनक अशी पदवी कोणी त्यांस उत्साहाच्या भरात देत असेल, तर ती तेवढ्यापुरती दुरुस्त करून घ्यावी. या कलेस जनक नाही. तिला माता आहेत, आणि त्या पुष्कळ आहेत. जिव्यांनी तिला उंबऱ्याबाहेर आणले व हिंडावयास शिकविले.

दुसरा तोटा अधिक ढोबळ आहे. आज वारली आकृती चहाच्या पेल्यांवर, साड्यांच्या काठांवर, रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर सर्वत्र दिसते. ती काढणारा डहाणूकडे कधी गेलेला असतोच असे नाही, आणि त्या विक्रीतून पाड्यावर काही पोहोचते असेही नाही. या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे पैठणीप्रमाणे तिचे नाव तिच्या मुलुखाशी कायद्याने बांधले गेले आहे. तरीही छापून विकणाऱ्यांस आळा घालणे सोपे नसते. आमचे विद्यार्थीही एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसताना संकल्पचित्राच्या कडेस वारली नाचाची एक पट्टी ठोकून देतात, कारण ती झटपट होते. पट्टी काढण्यास हरकत नाही. फक्त त्या रांगेत एका तरी माणसाचा वरचा त्रिकोण शेजाऱ्याहून थोडा निराळा कलवून पाहावा. मग ती झटपट होईनाशी होते, आणि जिव्या दिवसाचे दिवस एका जाळ्यापुढे का बसत, याचा थोडा अंदाज येतो.

जिव्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हे दोघेही चित्रकार झाले. जपानात निइगाता प्रांतातील तोकामाची येथे, डोंगरातील एका जुन्या शाळेच्या इमारतीत, मिथिला नावाचे एक संग्रहालय आहे. बिहारच्या चित्रकर्त्या स्त्रियांप्रमाणे जिव्याही तेथे जाऊन राहिले होते व त्यांनी तेथे चित्रे काढली. त्या प्रांतात हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडतो. आत भिंतींवर मात्र भाताची खाचरे, ताडाची झाडे व तारप्याचा नाच असतो. इकडे गंजाडच्या आसपासची घरे आता पुष्कळशी विटांची व सिमेंटची झाली आहेत, आणि सिमेंटवर गेरू नीट बसत नाही. तरी लग्न निघाले म्हणजे वारल्यांच्या घरी भिंतीचा एक तुकडा तेवढ्यापुरता तांबडा केला जातो, तांदूळ वाटले जातात, आणि सवाशिणी चौक काढावयास बसतात.